डिझायरचे टायर: दोन बदलू की चारही?

गाडी २०१८ ची डिझायर व्हीएक्सआय, पेट्रोल, ५८ हजार किमी. टायर कंपनीतून आले तेच, १६५/८० आर१४. परवा पंक्चरवाल्याने पुढचं चाक काढून मलाच हाक मारली. आतली कड पार गोटा, बाहेरून नक्षी शाबूत! उभ्या गाडीकडे बघून काही कळलंच नसतं. मागचे बरे दिसतात, पण साइडवॉलवर बारीक भेगा आहेत.

आम्ही नाशिकला, माझं माहेर वर्धा. वर्षातून तीन-चारदा सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढायचं ते थेट वर्ध्याला उतरायचं. माणसं पाच, डिकी भरलेली, येताना आईच्या लोणच्याच्या बरण्या वेगळ्याच. आता मेअखेर जातोय, जूनमध्ये परतताना पाऊस लागेल.

घरात मतं अशी: नवरा म्हणतो पुढचे दोनच बदलू. दुकानदार म्हणतो १५ इंची अलॉय आणि १८५/६५ टाका, गाडी रस्ता धरून चालते. सासरे म्हणतात टायर कुठलेही घ्या, पण काँक्रीटवर टायर तापून फुटतात, म्हणून हवा चार-पाच पॉइंट कमीच ठेवा. बजेट वीस हजार. जाणकारांनी सांगावं, कारण चहाच्या वेळी हा विषय निघाला की चहा गार होतो.

– ताई, आधी टायरचं वय बघा. साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २२१८ म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. भेगा पडल्यात म्हणजे रबर कडक झालंय, नक्षी कितीही उरली तरी ते टायर समृद्धीवर नेऊ नका. चारही बदला. आणि कधी दोनच घ्यायची वेळ आली तर नवे मागे लावा. पावसात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. मागचे घसरले तर गर्रकन फिरते.

– आकाराचं सांगतो. दुकानदार खोटं बोलत नाही, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ येतातच. व्यासही जवळपास तेवढाच, ६२० आणि ६२१ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण अलॉय धरून वीस हजारांत बसणार नाही. आहे तोच आकार घ्या. ब्रँडवर डोकं फोडू नका, एमआरएफ, अपोलो, सिएट, ब्रिजस्टोन, कुठलाही चालेल. फक्त लोड आणि स्पीडचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. ८५टी म्हणजे एका टायरला ५१५ किलो आणि ताशी १९०. जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय, भाव जुन्या यादीतला सांगत असेल तर विचारा.

– हवेबद्दल सासरेबुवांची माफी मागून: उलट आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि त्याच उष्णतेने फुटते. त्यात पाच माणसं आणि ताशी १२०. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरल्या गाडीचा आकडा असतो, तेवढी हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. वाटेत आकडा चढलेला दिसला तरी हवा सोडू नका.
आणखी एक. आतली कड झिजली म्हणजे अलाइनमेंट (चाकांचा कोन) गेलंय, कदाचित खालचे बुशही (सस्पेंशनच्या सांध्यातले रबर). ते आधी बघून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच खाईल.

– सगळ्यांचे आभार. आकडा बघितला, ३११८. स्टेपनीही त्याच वर्षाची, एकदाही रस्त्याला न लागलेली, तीही बदलावी का? आणि आज दुकानात दाखवले त्या टायरवर ४०२३ आहे. 'नवेच आहेत मॅडम, गोदामात होते' म्हणाला.

– ४०२३ नको. या वर्षीचे मागा, नसतील तर दोन दिवस थांबा किंवा दुसरं दुकान गाठा. स्टेपनी आताच नको, पंक्चर झालं तर जपून जवळच्या दुकानापर्यंत आणण्यापुरती चालेल. फक्त निघण्याआधी तिच्यातली हवा बघा. ती कुणीच बघत नाही.