मे महिन्यात सोलापुरात फोटो काढायला कुठं फिरावं?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. मे संपेपर्यंत माहेरी, सोलापुरात आहे. हातात दहा वर्षं जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि मोबाइल. सोबत सातवीतला भाचा, त्यालाही हे वेड लागलंय. गेल्या रविवारी अकराच्या सुमारास आम्ही दोघं भुईकोट किल्ल्यात गेलो. फोटोत आकाश पांढरंफटक, तट करपल्यासारखा आणि भाच्याच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. मोबाइलनं तर तापलो म्हणून कॅमेराच बंद केला. घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढ्या उन्हात कुठं तडफडायला गेला होतात?"

तर सांगा: शहरात पायी कुठं फिरावं? एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे? आणि लांबचं जवळ आणणारी ५५-२५० लेन्स घ्यावी का? दहा हजारांच्या वर जाणार नाही, तेही ओढूनताणून.

चारपुतळा
जागा बरोबर होती, वेळ चुकली. १० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या थोडं आधी आपल्याकडं सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखालीच जाते. म्हणून या महिन्यात दहानंतर माणसाचा फोटो उघड्यावर काढूच नये, कपाळाची सावली डोळ्यांत पडते. काढायचाच झाला तर दारात, पडवीत, छपराखाली.

पावणेसहाला सिद्धेश्वर तळ्याकाठी उभे राहा. सूर्य सहाच्या आत वर येतो. पाण्यात देवळाचं प्रतिबिंब वारा सुटायच्या आत मिळालं तर मिळालं. किल्ल्यात तिरपं ऊन असताना जा, मग कोरीव खांबांवरची नक्षी उठून दिसते. तिथून चार हुतात्म्यांचे पुतळे, मग मंगळवार पेठ, मधला मारुती. दुकानं उघडताना, फळ्या निघताना, पाणी शिंपडताना गल्ली बघण्यासारखी असते. साडेआठला घरी येऊन ताक प्या.

भाच्याला एक काम द्या. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं शहरात आणि आसपास आहेत. रोज चार-पाच शोधायची आणि प्रत्येकाचा एकच फोटो काढायचा. सुट्टी सत्कारणी लागेल.

लेन्सखोर
लेन्स घ्या की! कंबर तलावावर पक्षी असतात, १८-५५ मध्ये ते मुंगीएवढे येतील.

चारपुतळा
मे महिन्यात, दहा हजारांत, पक्षी? काहीतरीच. त्यापेक्षा जुनी ५० एमएम एफ/१.८ बघा, निम्म्यात येईल आणि अंधाऱ्या घरातही चालेल. लेन्सला हूड, म्हणजे तिरपं ऊन अडवणारी टोपी, लावा. बाकीच्या पैशांत मोबाइलसाठी पांढरा पंचा घ्या, ओला करून नव्हे, नुसता झाकायला. गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका.

धोटा
तुम्ही सगळे ऊन टाळायच्या गोष्टी करताय आणि सोलापुरात सावलीतच काय आहे ते कुणी सांगेना. दुपारी पूर्व भागात, यंत्रमागांच्या कारखान्यांत या. आमच्या घरी दोन पिढ्या माग चालले, म्हणून हक्कानं सांगतो.

कारखान्यात शिरताना मालकाला विचारा, कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी. आत एवढा खडखडाट असतो की बोललेलं ऐकू येत नाही, सगळं खुणांवर चालतं. बहुतेक ठिकाणी ट्यूबलाइट असते. शटर १/५० सेकंद ठेवा. त्याहून फार वेगवान ठेवलंत तर ट्यूबच्या लुकलुकण्यानं फोटोत आडवे पट्टे येतात. शिवाय १/५० ला धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा, नुसती एक रेघ होतो आणि मागावरचा माणूस श्वास रोखून उभा असेल तर स्पष्ट येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० झाला तरी घाबरू नका. मागावर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणवणारं यंत्र, असेल तर मान वर करा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक करून सरकत असते, आणि चादरीवरचा मोर त्या भोकांतून खाली उतरत असतो.

दोन गोष्टी पाळाच. मागाच्या टोकांना उभं राहू नका, धोटा कधी कधी बाहेर उडतो. आणि आत लेन्स बदलू नका. सुताची भुकटी हवेत तरंगत असते. मी एकदा बदलली, नंतर तीन महिने प्रत्येक फोटोच्या आकाशात एक केस होता.

माळावरचा
बाहेरगावचं मी सांगतो. पहिलं हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. समोरून फ्लॅश मारलात तर अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. भाच्याला बॅटरी देऊन एका बाजूला उभा करा, उजेड दगडाला घासून जाऊ द्या. अक्षर न् अक्षर उठतं. ३५९ मुखांचं लिंगही तिथंच आहे, त्यालाही हीच युक्ती.

दुसरं नळदुर्ग, हैदराबाद रस्त्यानं. नर-मादी धबधबे पावसाळ्यातले, ते मनात धरून जाऊ नका. पण बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. बाहेर रखरखाट असताना आतल्या खिडकीतून बाहेरचा उजेड टिपा.

नान्नजला जायचं तर काळविटांसाठी जा, माळढोक दिसेल या आशेनं नको. रस्ता सोडून गाडी माळात घालायची नाही, आणि पाणवठ्याजवळ तर थांबायचंच नाही. उन्हाळ्यात तुम्ही तिथं बसलात की ती जनावरं तहानलेली परत जातात.

शेंगाचटणी
सगळ्यांचे आभार. लेन्स घेतली नाही, आई खूश.

काल दुपारी कारखान्यात गेलो. दीडशे फोटोंत चार जमले. एकात धोट्याची पांढरी रेघ आणि तिच्यामागं कांड्या भरणाऱ्या मावशी. मावशींनी आधी हातानंच थांबवलं. वाटलं, नको म्हणतायत. तर त्यांनी केसांवरची भुकटी झटकली, पदर नीट केला आणि मग मान हलवली. निघताना कानाशी येऊन म्हणाल्या, "मोबाइलवर नको, कागदावर दे." आता छापून द्यायचाय. भिंतीवर लावतील असं वाटतं. काय सांगू स्टुडिओत?

धोटा
सहा बाय आठ, मॅट. चकचकीत घेतलात तर ट्यूबलाइटखाली काही दिसणार नाही. आणि दोन प्रती काढा, एक मालक मागणारच.