रशच्या नव्या ड्रमरने नील पीर्टचीच फिल वाजवायची का?

सप्तमात्रा: 'एक फिल (दोन ओळींमधली जागा भरणारा ड्रम्सचा तुकडा) बदलली तरी तो रश नाही, नव्या ड्रमर अनिका निलेसने रेकॉर्डवर नील पीर्टचं आहे तेवढंच वाजवावं,' ही रश या कॅनडाच्या रॉक बँडबद्दलची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. १९७४मध्ये रशचा आधीचा ड्रमर जॉन रट्सी याच्या जागी नील आला, तेव्हा अमेरिका दौऱ्याला जेमतेम दोन आठवडे होते. रट्सीची गाणी त्याने स्वतःच्या पद्धतीनेच वाजवली. 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज' या लाइव्ह अल्बमवरचं रट्सीच्या काळातलं 'वर्किंग मॅन' ऐका, त्यात सोलोसुद्धा घातलाय. त्याला मोकळीक होती, मग हिला का नको?

टॉमटॉम: तुलनाच चुकीची. रट्सीचा एक अल्बम, तोही सरळ ठेक्याचा. नील मात्र ड्रम्स रचायचा आणि रोज रात्री तेच वाजवायचा. रशच्या 'टॉम सॉयर' गाण्यातल्या ७/८च्या (सात मात्रांच्या आवर्तनाच्या) भागानंतरच्या फिल्स अख्खं प्रेक्षागृह हवेत वाजवतं. त्या बदलणं म्हणजे रिफ, गाण्याची ओळख असलेली गिटारची धूनच, बदलणं.

हायहॅट: फिल्सचं काय घेऊन बसलात? 'टॉम सॉयर'मध्ये खरी परीक्षा हाय-हॅटची, म्हणजे स्टँडवरच्या झांजांच्या जोडीची. लय मिनिटाला ८८ बीटच्या आसपास, बीटला चार ठोके, म्हणजे मिनिटाला साडेतीनशे, आणि सगळे उजव्या हाताने. कव्हर बँडवाले (दुसऱ्यांची गाणी वाजवणारे) ते दोन हातांत वाटून घेतात. मग स्नेअरसाठी (मधल्या कडक आवाजाच्या ड्रमसाठी) एक हात उचलावा लागतो, नेमका तिथेच हॅट गायब होतो आणि ठेक्याला भोकं पडतात. एका हाताने वाजवताना मनगट आवळलं तर लय मंदावत जाते. पकड सैल ठेवायची, पहिला ठोका हात खाली येताना, दुसरा वर जाताना, काठीच्या उसळीवर.

सप्तमात्रा: लय पक्की असेल तर दोन हातांनी काय बिघडतं?

हायहॅट: सगळं बिघडतं! स्नेअरसोबत हॅटही पडतो, म्हणून ते गाणं रेटा धरतं. हे ऐकू येत नसेल तर वाद घालू नका.

जुना_भिडू: आणि कुठल्या वर्षीचा नील हवाय? ड्रम्सचे गुरू फ्रेडी ग्रूबर यांच्याकडे शिकून त्याने पकड बदलली, 'टेस्ट फॉर एको' (१९९६) हा अल्बम पारंपरिक पकडीने (डावी काठी आडवी धरून) वाजवला. आधीचा आणि नंतरचा ठोका वेगळाच पडतो.

टॉमटॉम: पकड अनिकाने ठरवावी. पण फिल कुठे सुरू होते, कुठल्या टॉम्सवरून (लहानमोठ्या ड्रम्सवरून) उतरते, कुठल्या क्रॅशवर (मोठ्या झांजेवर) संपते, हे ठरलेलं आहे. रशच्या 'वायवायझेड'ची सुरुवात टोरांटो विमानतळाच्या YYZ या संकेताच्या मोर्स कोडवर आहे. डॅशला दोन, डॉटला एक धरा: ७, ७ आणि ६, एकूण २० सोळांश (बीटचे चौथे भाग), म्हणजे १०/८. एक ठोका सरकला की अक्षरच बदलतं.

सप्तमात्रा: त्या सुरुवातीला हात लावू नये, मान्य. पण त्याच गाण्यात पुढे बास आणि ड्रम्सचे आळीपाळीचे ब्रेक्स आहेत. २०२२मध्ये गिटारवादक जेफ बेकसोबत दौरा केलेली ड्रमर आहे अनिका, एका बीटचे पाच भाग करून ग्रूव्ह (ठेका) बांधणारी. तिथेही नीलचेच ठोके मागायचे, तर तिला निवडलंच कशाला?

टॉमटॉम: त्या ब्रेक्सपुरतं चालेल. त्यापलीकडे नाही.

हायहॅट: ब्रेक्समध्ये काय हवं ते वाजवू दे. 'टॉम सॉयर'चा हॅट एका हातानेच.