नाशिकवरची जादू-प्रेम-रहस्य कादंबरी: नायिकेच्या जादूमुळे रहस्यच उरत नाहीये

घंगाळ:
कादंबरी आजच्या नाशकातली. सुलेखाचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान. जुन्या भांड्याच्या आत तळवा टेकवला की त्या भांड्याजवळ बोललेलं शेवटचं वाक्य तिला ऐकू येतं. रंगपंचमीच्या दिवशी तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरून उड्या मारायचा जुना हौद) तांब्याची घागर सापडते आणि त्याच आठवड्यात एक सराफ बेपत्ता होतो. निनाद पूरनियंत्रण कक्षात इंजिनियर, तो तिच्यासोबत शोधाला लागतो. २२ प्रकरणं ठरली आहेत, ९ लिहून झाली.

तिसऱ्या प्रकरणात ती घागरीत हात घालते आणि गुन्हेगाराचा आवाज ऐकते, म्हणजे पुढची १९ प्रकरणं पाणी घालणं. तिला सहाव्यापर्यंत घागर मिळूच दिली नाही, तर ते ओढूनताणून वाटतं. दुसरं, निनादचं प्रेमप्रकरण आणि तपास असे दोन वेगळे रूळ झालेत. शेवट रामकुंडाजवळ, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी, पुरात. उपाय सुचवा.

कथील_नवसागर:
घागर लपवू नका. पहिल्याच प्रकरणात हातात द्या, पण मुकी द्या. त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या नायिकेच्या गल्लीतच आहे: कल्हई, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा मुलामा.

भांडं आधी घासून लख्ख करतात. भात्याने निखारे फुलवून त्यावर तापवतात, चिमूटभर नवसागर टाकतात. पांढरा धूर उठतो आणि तांब्यावरचा उरलासुरला मळ सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भांडं कमी तापलं तर ते गोळे धरतं, फार तापलं तर रंग पिवळट-काळपट होतो, आणि घासताना मळ राहिला तर तेवढ्या जागी कथील धरतच नाही.

नियम असा करा: तांबं ऐकतं, कथील ऐकत नाही. कोणीतरी घागरीला आतून कल्हई करून तिचं तोंड बंद केलंय.

आता यातला खरा सुगावा. पाण्याच्या घागरीला कल्हई करतं कोण? कल्हई स्वयंपाकाच्या पातेल्यांना, आंबट पदार्थ कळकू नये म्हणून. आतून चकचकणारी घागर बघून भांड्यांच्या धंद्यातला माणूस जागीच थबकेल. वाचकाच्या डोळ्यांसमोर हे पान १० वरच ठेवा, फक्त त्यावर भाष्य करू नका.

शिवाय घागरीचं तोंड अरुंद. सांडशीत धरलेला बोळा तळाला पोचतो, पण खांद्याच्या आतल्या वळणाला नीट लागत नाही. तिथे रुपयाएवढा ठिपका उघडा राहिला. सुलेखा हात मनगटापर्यंत आत घालते, बोटं वर वळवते, चाचपते, आणि तिला वाक्याऐवजी दीड शब्द ऐकू येतो. एवढ्यावर मधली सगळी प्रकरणं चालतील. आणि तिची शक्ती माहीत असलेल्या माणसानेच हे केलं, हेही उघड. संशयित गावभर न राहता चार-पाच जणांवर येतात, निनादसह. तुमचे दोन रूळ इथेच एकत्र येतात, वेगळं काही जोडायला नको.

गुलशनाबादी:
कल्हईचं पटलं. पण रहाडीत चूक आहे. रहाड रंगपंचमीच्या सकाळी उघडत नाहीत. वर्षभर ती फळ्या-ओंडके आणि मातीखाली असते, वरून रहदारी चालू. आधी उकरतात, साफ करतात, मग पूजा, मग रंगाचं पाणी. म्हणजे घागर धप्पा (रहाडीतली उडी) मारणाऱ्याच्या पायाला लागणार नाही, साफसफाईत उतरलेल्याच्या हाताला लागेल, तेही गाळात. तीन-चार दिवस आधी.

याचा फायदा घ्या. वर्षभर पुरलेली खोली, वर रस्ता, आत घागर: रहस्यकथेतली आयती बंद खोली. गावभर चर्चा होईल की गेल्या वर्षी बुजवताना कोणीतरी टाकली. पण वर्षभर ओल्या मातीत राहिलेल्या तांब्यावर बाहेरून हिरवं जंगाल हवं. घागर बाहेरून नुसतीच काळवंडलेली दाखवा. म्हणजे ती आत्ता, उकरल्यावर पहिल्या रात्री टाकलेली. हे सुलेखाला जादूशिवाय कळलं पाहिजे, नाहीतर ती दुकानदार कसली!

रहाडीचं खरं नाव मात्र नको. प्रत्येक रहाडीला मानकरी असतात, बोट खऱ्या घरांकडे जाईल. चौक काल्पनिक करा.

पुराचं: २०२६ ची रंगपंचमी ८ मार्चला आणि दुतोंड्याला टेकणारं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये. तुमची घटनामाला आठवड्याची दिसते. एकतर मध्ये चार-साडेचार महिने जाऊ द्या किंवा पूर सोडा. जाऊ दिलेत तर बरं, प्रेमालाही वेळ मिळतो. आणि निनाद इंजिनियर आहे तर त्याला हे माहीत हवं: रामकुंडावरचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाच्या विसर्गावर चढतं. नासर्डी नदी गोदावरीला खाली टाकळीला मिळते, तिच्या पुराने दुतोंड्याचे पायही भिजायचे नाहीत. बऱ्याच लेखकांच्या हातून हे निसटतं. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पण गाव मोजतं ते दुतोंड्याच्या अंगावर: गुडघा, कंबर, छाती, गळा. शेवटच्या चार प्रकरणांना हीच नावं द्या. सराफाला लपवायचं असेल तर सराफ बाजाराखालून झाकलेला सरस्वती नाला जातो, नदी फुगली की त्याचं पाणी उलटं बाजारात येतं.

अक्षयनिवी:
जादूला मर्यादा घालताना 'वापरली की चक्कर येते' असलं काही करू नका. वाचक चक्कर मोजत नाही. मोजता येईल असा हिशेब द्या, आणि तो नाशकातच कोरलेला आहे. पांडवलेण्यात १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. २,००० महिना शेकडा एक दराने, १,००० पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज भोगायचं. २,००० चं व्याज वर्षाला २४०, वीस भिक्षूंच्या वस्त्रांना प्रत्येकी १२. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

तोच करार सुलेखाच्या घराण्याला लावा. घरातलं एक भांडं मुद्दल, समजा बापाचं शेवटचं वाक्य धरून बसलेलं घंगाळ. महिन्याला दोनदा ऐकायचा हक्क, तेवढं व्याज. तिसऱ्यांदा ऐकलं की मुद्दलाला हात, म्हणजे घंगाळातला एक शब्द कायमचा जातो. बापाचं वाक्य सात शब्दांचं ठेवा आणि प्रत्येक खर्च प्रकरणनिहाय लिहून काढा. शेवटी प्रियकराची आठवण पुसली जाणं मात्र कृपया टाळा, त्याला आता विटलोय.

क्रियापद:
प्रेमाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मराठीत प्रेमाची पायरी सर्वनामात असते. पहिल्या प्रकरणात ती त्याला 'अहो साहेब' म्हणेल, तो तिला 'तुम्ही'. 'तू' वर कधी आले ते एकाच ठिकाणी, एकाच वाक्यात घडू द्या, आणि त्यानंतर चुकूनही मागे जाऊ नका. भांडणात मुद्दाम 'तुम्ही' वर गेला तर शिव्यांपेक्षा जास्त लागतं. याचाच सुगावाही होतो: चौकशीत एखादा माणूस बेपत्ता सराफाच्या बायकोला अनोळखी म्हणतो आणि नंतर बोलण्याच्या ओघात 'अगं' म्हणून जातो.

घंगाळ:
सगळ्यांचे आभार, पहिलं प्रकरण फाडून टाकतोय. एक राहिलं. घागरीतला दीड शब्द असा हवा की बोलणारा बाई की बाप्या ते कळू नये. 'मी गेलो' चा 'मी गे...' ठेवू का?

क्रियापद:
चालेल, पण कानाला लटकं वाटेल. त्यापेक्षा पूर्ण वाक्य द्या, लिंग न सांगणारं. 'मी आलो/आले', 'मी करतो/करते' इथे पकडले जाल. 'मी दार उघडलं' मध्ये क्रियापद दाराचं, बोलणाऱ्याचं नाही. 'मी येईन', 'मला दिसलं', 'माझ्याकडून राहिलं' हेही सुरक्षित. मात्र पूर्ण वाक्य हवं तर ठिपका रुपयापेक्षा मोठा करावा लागेल, ते कथीलवाल्यांना विचारा.

कथील_नवसागर:
ठिपका वाढवू नका. 'उघडलं' एवढंच ऐकू येऊ दे. काय उघडलं, रहाड, तिजोरी की दार, यावर सहा प्रकरणं जातील.