समुद्राला पावसाची फूटपट्टी लागू पडत नाही

तापमान आणि पाऊस या दोन गोष्टी कळल्या की कोणत्याही प्रदेशातील जीवसंहती, म्हणजे तेथील वनस्पती-प्राण्यांचा ठरावीक समूह, ओळखता येते, हे एका वाचकाने प्रतिसादात केलेले विधान जमिनीपुरते बहुतांशी मान्य आहे. परंतु त्याच ओघात ‘म्हणून उष्ण कटिबंधातील समुद्र सर्वांत समृद्ध’ असा जो निष्कर्ष काढला आहे, तो पटत नाही. पाण्यात प्रश्न असतो प्रकाशाचा आणि नायट्रेट, फॉस्फेट, लोह यांसारख्या पोषकद्रव्यांचा, आणि ही दोन्ही सहसा एकत्र सापडत नाहीत: पुरेसा प्रकाश जेमतेम २०० मीटरपर्यंत पोहोचतो, तर मृत जीवांचे अवशेष बुडत गेल्याने पोषकद्रव्ये त्याखालच्या अंधारात साठतात. उष्ण कटिबंधात वरचे तापलेले, हलके पाणी झाकणासारखे पसरून राहते आणि खालच्या पाण्याला वर येऊ देत नाही. दक्षिण प्रशांत महासागराच्या मध्यभागातील पाणी इतके नितळ निळे दिसते, ते त्यात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) फारच थोडे असल्यामुळे. (प्रवाळभित्ती हा डोळे दिपवणारा अपवाद खरा, पण त्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापत नाहीत.)

याउलट पेरूचा किनारा पाहावा. तेथे वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते, खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यावर अँकोव्ही या लहान माशांचे प्रचंड थवे पोसले जातात. मात्र त्याच थंड पाण्यामुळे हवा स्थिर राहून लगतच्या जमिनीवर वाळवंट पसरलेले आहे. तीव्र एल निन्योच्या (काही वर्षांनी प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या घटनेच्या) वर्षी हे पाणी उबदार होते, तेव्हा वाळवंटात पाऊस पडतो आणि समुद्रातील मासळी घटते.