मदत हवी आहे : आरसीसीबी मध्येच पडते, दोष काही सापडत नाही

मंडळी, जरा डोकं लावा. एका जुन्या घराच्या वायरिंगचं काम हातात आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) दिवसातून दोन-तीनदा पडते, म्हणजे आपोआप बंद होते. एकेक एमसीबी (त्या त्या लाइनचा स्विच) चढवून बघितली तर काहीच होत नाही. सगळं एकदम चालू असलं की कधीतरी पडते.

आधी न्यूट्रल आणि अर्थच्या तारा कुठे एकमेकींना चिकटल्यात का ते पाहिलं. मेन बंद केला, सगळी उपकरणं काढली (नाहीतर मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, त्यांची वाट लागली असती), न्यूट्रलच्या तारा बारवरून सोडवल्या आणि एकेक लाइन ५०० व्होल्टवर तपासली. वायरिंग ठणठणीत. गीझरचं कॉइल तेवढं कमजोर निघालं, ते बदललं. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच रडगाणं!

आता संशय कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, एलईडी ड्रायव्हर यांच्या फिल्टरवर आहे (विजेतला गोंगाट गाळणारा भाग, त्यातून थोडा करंट अर्थमध्ये जातो). प्रत्येकाची गळती थोडीच, पण बेरीज १५ मिलिअँपिअरच्या पुढे गेली तरी आरसीसीबी पडू शकते.

लीकेज क्लॅम्पमध्ये (तारेभोवती अडकवून गळती मोजणारं मीटर) फेज-न्यूट्रल एकत्र घेऊन मोजायचं, की सरळ लाइन दोन आरसीसीबींवर वाटून टाकू? मालक १०० मिलिअँपिअरची बसवा म्हणतात. ते मी करणार नाही, माणसाच्या जिवासाठी ३० च हवी. कुणाला असा अनुभव आलाय का?