अलान्या, शारजा आणि 'सहली'चा आरोप

पेठेतली_प्रज्ञा

महिला फुटबॉलच्या आशिया चषकाचे गट जाहीर झाले त्या दिवशी इथल्याच एका सदस्याने लिहिलं होतं : "आता तरी निमंत्रितांच्या स्पर्धांवरचा खर्च बंद करा. तुर्कस्तानात तीन सामने, शारजात तीन सामने, फोटो काढून परत. ही सहल आहे. तोच पैसा लीगमध्ये घाला." वाचून डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही, म्हणून वेगळा धागा.

सहल? फेब्रुवारी 2024 मध्ये तुर्कस्तानातल्या अलान्यात आपण एस्टोनियाला 4-3 हरवलं. सीनियर महिला संघाने युरोपातल्या देशाला हरवण्याची ती पहिलीच वेळ. मग हाँगकाँगवर 2-0. कोसोव्होकडून 1-0 हरलो म्हणून चषक हुकला. 2025 मध्ये शारजात पिंक लेडीज कपमध्ये जॉर्डनला 2-0 हरवलं, रशियाकडून 2-0 आणि दक्षिण कोरियाकडून 3-0 हरलो. कोरियाविरुद्ध नव्वद मिनिटं चेंडूमागे पळाल्यावर पोरींना काय कळतं, ते लीगचे कितीही सामने खेळून कळत नाही. त्यानंतर थायलंडच्या च्यांग माईत आशिया चषकाच्या पात्रता फेरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं : मंगोलिया 13-0, तिमोर-लेस्ते 4-0, इराक 5-0 आणि 5 जुलैला थायलंडला त्यांच्याच घरात 2-1. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. थायलंड दोन विश्वचषक खेळलेला देश आहे.

आपल्याशी खेळतं कोण? सॅफ, म्हणजे दक्षिण आशियातली स्पर्धा, सोडलं तर कोणी दारात उभं करत नाही. 2009 मध्ये तर अठरा महिने सामनाच नाही म्हणून फिफाच्या क्रमवारीतून आपलं नाव उडालं होतं. पोर्तुगालचा अल्गार्वे कप 1994 पासून निमंत्रितांचाच. अमेरिका तो दहा वेळा जिंकली. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी विश्वचषकाआधी तिथेच संघाची घडी बसवायचे. त्यांना कोणी सहलीला गेल्या म्हणालं नाही. आणि महिला विश्वचषक तरी कुठून आला? जून 1988 मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमध्ये फिफाने बारा देश बोलावून स्पर्धा घेतली, नॉर्वेने स्वीडनला 1-0 हरवलं, ती यशस्वी झाली म्हणून 1991 चा विश्वचषक झाला.

कॉर्नर_फ्लॅग

'सहल' म्हणणारा मीच. शब्द मागे घेत नाही.

तुम्ही 2024 आणि 2025 सांगितलंत, 2019 गाळलंत. त्या वर्षी भुवनेश्वरला गोल्ड कप, मग तुर्कस्तान, सगळं खेळून झालं. तुर्कस्तानात तुर्कमेनिस्तानला 10-0 हरवलं आणि उझबेकिस्तान, रोमानियाकडून हरलो. एप्रिलमध्ये मंडालेला ऑलिंपिक पात्रतेत म्यानमारशी 3-3 बरोबरी आणि गोलफरकावर बाहेर. काय उपयोग झाला?

अलान्याला तेवीस-चोवीस मुली जातात. बाकीच्यांचं काय? आयडब्ल्यूएलमध्ये, म्हणजे इंडियन विमेन्स लीगमध्ये, 2024-25 च्या हंगामात आठ संघ, प्रत्येकी 14 सामने. संपलं वर्ष. एफसी कोल्हापूर सिटी त्या लीगमध्ये खेळून गेली, त्या आठांत महाराष्ट्राचा संघ शोधून दाखवा. पाया नसताना गच्चीवर रोषणाई करताय तुम्ही.

पेठेतली_प्रज्ञा

2019 काढलंच आहे तर पूर्ण काढा. फेब्रुवारीत भुवनेश्वरला त्याच म्यानमारने आपल्याला 2-0 हरवलं होतं. दोन महिन्यांनी त्यांच्या गावात जाऊन 3-3. मधल्या काळात काहीतरी सुधारलं म्हणूनच ना? तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने उभं आहे.

जुना_लेफ्ट_विंगर

तुम्ही दोघं आजचं भांडताय. माझं दुखणं जुनं आहे. जानेवारी 1980 मध्ये कोझिकोडला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण होतो, तैवानकडून 2-0 हरलो. 1983 मध्ये पुन्हा अंतिम सामना, थायलंडकडून 3-0. आशियात दोनदा दुसरा आलेला देश 1988 च्या त्या बारांत नव्हता. चीन, जपान, थायलंड होते. निमंत्रण खेळ बघून येत नाही, तुमच्या महासंघाचं दारात किती वजन आहे ते बघून येतं. आपल्या लोकांनी त्या वर्षांत मुलींसाठी फोनसुद्धा उचलला नसेल. शांती मलिकसारखी खेळाडू होती हो आपल्याकडे! त्या पिढीला विश्वचषकाचं दार दिसलंच नाही. त्यामुळे आज कोणी बोलावतंय तर जा. तुर्कस्तान काय, चंद्रावर बोलावलं तरी जा.

म्हापशेकर

जुन्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, गोव्याच्या योलांडा डिसोझा 1970 च्या दशकात भारताकडून खेळल्या. आमच्याकडे चर्चच्या मैदानावर मुली खेळल्या तर कोणी वळून बघत नाही. कोल्हापूरवाले फुटबॉलचा एवढा अभिमान सांगतात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ, शाहू स्टेडियम भरतं वगैरे. त्या गर्दीत बायका किती असतात?

टचलाइनवरची_आई

विषय सोडून होईल, पण म्हापशेकरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

माझी मुलगी चौदा वर्षांची, मिडफिल्ड खेळते. ज्या मैदानावर सराव, तिथे संध्याकाळची वेळ मुलांच्या संघांची. मुलींना सकाळी साडेपाच ते साडेसहा. नंतर चालायला येणारे काका-काकू मैदानातून आडवे जातात, चेंडू लागला तर पोरींनाच ओरडा. हिवाळ्यात साडेपाचला अंधार असतो, मी स्कूटरचा दिवा लावून उभी राहते. कपडे बदलायला खोली नाही. पाळीच्या दिवसांत तीन मुली येतच नाहीत. संध्याकाळची वेळ मागायला गेले तर तिथल्या पदाधिकाऱ्यांचं उत्तर : "ताई, मुलांच्या स्पर्धा जवळ आल्यात." त्यांच्या स्पर्धा वर्षभर जवळच असतात.

मला अलान्या नको, शारजा नको. मला संध्याकाळचा एक तास हवाय.

तालमीचा_पोरगा

म्हापशेकर, कोल्हापूरला बोलायचं काम नाही. आमच्याकडं पेठेपेठेत फुटबॉल जगतोय, तुमच्याकडं आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) एक संघ हाय म्हणून उड्या मारताय. ताईंचं मान्य हाय, पण मैदानं हायत किती? मुलांनासुद्धा पुरत न्हाईत. आम्ही पण पहाटंच खेळलो.

टचलाइनवरची_आई

तुम्ही पहाटे खेळलात आणि संध्याकाळीही खेळलात, भाऊ. फरक तिथेच आहे.

म्हापशेकर

मी बायका किती येतात विचारलं, तुम्ही आयएसएल काढलंत. उत्तर नाही म्हणून आवाज वाढवायचा. आणि फातोर्ड्यात 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले, माझ्या पुतण्या शाळेचा गणवेश घालून बघायला गेल्या. आमच्याकडचा पोरांचा संघ आता पोरींचाही झालाय. तुमच्याकडे असं काय घडलं?

तालमीचा_पोरगा

संघ काढला म्हणजे उपकार केला का? आमच्या गल्लीतली पोरगी राज्य संघातनं खेळली, तिच्या बूटाला वर्गणी तालमीनंच काढली. हे कुठं लिहून येत न्हाई म्हणून घडलंच न्हाई असं समजू नका.

उपनगरी_गोलकीपर

कोल्हापूर-गोवा जरा थांबवा. त्याच विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळला डी. वाय. पाटीलवर मी मुलीला घेऊन पाहिला, स्पेन 1, कोलंबिया 0. मजा आली, पण आपल्या मुली त्याआधीच अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0 आणि ब्राझीलकडून 5-0 हरून बाहेर पडल्या होत्या. घरी येताना मुलगी विचारत होती, आपल्या का नव्हत्या? यजमान म्हणून जागा मिळाली, तयारीची पातळी मिळाली नाही. 2021 मध्ये सीनियर संघाला ब्राझीलमधल्या मनाऊसला बोलावलं होतं, ब्राझीलने 6-1 हरवलं, पण मनीषा कल्याणने त्यांच्यावर गोल केला. पुढे ती सायप्रसच्या क्लबकडून चॅम्पियन्स लीग खेळली. असे सामने दिसतात म्हणून बाहेरचे क्लब बघतात.

कॉर्नर_फ्लॅग

मनीषाचं मान्य. एका खेळाडूचं. पण ताईंनी जे लिहिलं ते वाचून माझंच म्हणणं पक्कं झालं. ती चौदा वर्षांची मुलगी अलान्यामुळे अंधारात खेळायची थांबणार नाही.

पेठेतली_प्रज्ञा

आणि अलान्या बंद केल्याने तिला संध्याकाळचा तास मिळणार का? दौऱ्याचा पैसा महासंघाचा, मैदानाची वेळ गावातल्या चार माणसांच्या हातात. तुम्ही दोन वेगळ्या खिशांचा हिशेब एका वहीत मांडताय, आणि दोन्हीकडे कपात मुलींचीच सुचवताय. याचाच मला राग आहे.

कॉर्नर_फ्लॅग

राग असू द्या. खिसे वेगळे आहेत हे धरून चालतो. तरी जायचंच तर कोणाशी खेळायला, हे तरी विचारा. मार्च 2026 मध्ये ऑस्ट्रेलियात आशिया चषकाला आपल्या गटात जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). तुर्कमेनिस्तानला दहा गोल मारून व्हिएतनामची तयारी होत नाही. आपल्याहून वरच्या क्रमांकाचे तीन संघ असतील तर जा, नाहीतर तो महिना लीगला द्या. यापुढे मी सरकणार नाही.

जुना_लेफ्ट_विंगर

तैपेईवर माझा डोळा आहे. जानेवारी 2022 मध्ये नवी मुंबईत त्यांच्याशीच सामना होता आणि करोनामुळे आपल्याला संघच उतरवता आला नाही, स्पर्धेतूनच नाव गेलं. 1980 चं तर आहेच.

पेठेतली_प्रज्ञा

वरच्या क्रमांकाचे संघ हवेत, हे मला मान्य. शारजात रशिया आणि कोरिया तसेच होते, तरी तुम्ही त्यालाही सहल म्हणालात.

@टचलाइनवरची_आई, मैदान कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळवा. त्या भागातल्या आणखी दोन मुलींचे पालक माझ्या ओळखीचे आहेत, अर्ज एकत्र देऊ.

तालमीचा_पोरगा

मलाबी कळवा, ताई. अर्जावर तालमीच्या पोरांच्या सह्या घेतो. म्हापशेकरांचं मात्र मान्य केलेलं न्हाई.