टेक्सासमध्ये पहिली सेमी-ऑटो रायफल: ५.५६, .३०८ की ६.५ क्रीडमूर? बॅरल कुठलं जास्त टिकेल?

ह्यूस्टनवासी:
नमस्कार मंडळी, ग्रीन कार्ड हातात आलंय त्यामुळे आता रायफल घ्यायचं मनावर घेतलंय, एच-वन-बीवर असताना नियमांमुळे विषयच बाजूला ठेवला होता. वापर असा, महिन्यातून एक-दोनदा रेंज, बहुतेक १०० यार्ड, आणि हिवाळ्यात एका मित्राच्या सासऱ्यांच्या रँचवर रानडुकरं मारायला. शेताची पार वाट लावलीय त्यांनी. कळपाने येतात म्हणून सेमी-ऑटो, म्हणजे ट्रिगर दाबला की एक गोळी आणि पुढची आपोआप भरते. दुकानदार ६.५ क्रीडमूर घ्या म्हणतोय, मित्र म्हणतो एआर-१५ घे ५.५६ मधली आणि मोकळा हो, मला स्वतःला .३०८ चा मोह आहे. त्यात बॅरलचा (नळीचा) घोळ, कुणी आतून क्रोमचा मुलामा म्हणतं कुणी नायट्राइड कुणी स्टेनलेस. एकदा पैसे घातले की पुढची दहा वर्षं बघायला लागू नये एवढंच पाहिजे.

पोलादवाला:
दादा, आधी बॅरल मरतं कसं ते बघा म्हणजे कॅलिबर (काडतुसाचं माप) आपोआप ठरेल. गोळी घासून आटे (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) झिजतात हे खरं आहे पण तो छोटा भाग, मेन मार बसतो चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) लगेच पुढे जिथे आटे सुरू होतात तिथे, पावडरचा जाळ पहिला तिथेच लागतो. म्हणजे किती पावडर किती लहान भोकातून जाते हा हिशोब. .२२३ (५.५६ चं नागरी भावंड) मध्ये २५ ग्रेनच्या (वजनाचं छोटं माप) आसपास पावडर, .३०८ मध्ये चाळिशीच्या पुढे पण नळी ७.६२ ची, आणि ६.५ क्रीडमूरमध्ये पावडर जवळपास .३०८ एवढीच पण भोक लहान. म्हणून क्रीडमूरची नेमकी अचूकता साधारण २ ते ३ हजार राउंडमध्ये उतरायला लागते, .३०८ पाच हजार आणि वर सहज जाते, चांगलं क्रोमचं ५.५६ बॅरल दहा हजारांच्या पुढे. १०० यार्डावर तुम्हाला क्रीडमूरचा काही फायदा नाही, ते ६००-८०० यार्डवाल्यांचं काम.

आणि पैशाचं बघा, ५.५६ ची गोळी ५० सेंट धरली तर दहा हजार राउंड म्हणजे ५ हजार डॉलर, नवीन बॅरल दोन-तीनशेत येतं. टायरसारखा खर्चायचा भाग आहे तो, त्याच्यासाठी एवढा जीव टाकू नका.

ह्यूस्टनवासी:
वा, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. मग क्रोम की नायट्राइड? आमच्याकडे दमट हवा आहे म्हणून विचारतोय.

पोलादवाला:
दमट हवेला दोन्ही चालतील. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ ला (अमेरिकन लष्करी रायफल) चेंबरमध्ये क्रोम नव्हतं, गंज धरून केसेस (काडतुसाची टरफलं) अडकायच्या, मग आधी चेंबरला आणि नंतर अख्ख्या नळीला क्रोम आलं. नायट्राइड हा वरून दिलेला थर नाही, पोलादाचा पृष्ठभागच कडक होतो, गंजालाही चांगलं. भराभर मॅगझिन रिकामी करणार असाल तर क्रोम, नाहीतर नायट्राइड स्वस्तात मस्त. ४१६ स्टेनलेस अचूकतेला उत्तम पण उष्णतेत लवकर झिजतं. पोलाद ४१५० ग्रेडचं बघा. चेंबर ५.५६ चंच किंवा वायल्ड (दोन्ही काडतुसं चालतील असं) घ्या, त्यात .२२३ पण बिनधास्त चालते, उलट मात्र करू नका, .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ घातलं की प्रेशर वाढतं. लांबी १६ इंच, गॅस मिड-लेन्थ (गॅसची नळी मधल्या लांबीची), ट्विस्ट (आट्यांचा पीळ, किती इंचात एक फेरा) १:८ किंवा १:७.

डॅलसचा_वैदर्भी:
डुकरांचं मी सांगतो. ५.५६ ने मरतात, पण गोळी कानामागे किंवा खांद्यात नीट बसली पाहिजे आणि गोळी शिकारीची पाहिजे, रेंजवरची ५५ ग्रेनची फुल मेटल जॅकेट (धातूचं आवरण असलेली) नाही. मोठा नर असला, तिरपा उभा असला तर .३०८ बरी पडते, जखमी जनावर झुडपात पळालं की फार वाईट वाटतं हो, रात्रभर शोधत बसायचं. म्हणून माझं मत, रँचवर जास्त जाणार असाल तर .३०८, रेंजवर जास्त तर ५.५६. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर टेक्सासमध्ये डुकरांसाठी २०१९ पासून शिकारीचं लायसन्स लागत नाही, बाकी बहुतेक प्राण्यांना लागतं.

नेमबाज_कोल्हापूर:
सेमी-ऑटो रायफल इथे भारतात सामान्य माणसाला मिळत नाही, त्यामुळे त्यावर मी बोलणार नाही, पण बॅरलवर बोलते. आमची .२२. स्वप्नील कुसळेने २०२४ ला ऑलिंपिकला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ती ५० मीटर रायफल पण .२२ चीच. पावडर चिमूटभर आणि गोळी शिशाची, त्यामुळे नळी वर्षानुवर्षं टिकते. दादा, सोबत एक .२२ घ्या, नेम तिच्यावर बसवा, मोठीचे राउंड आणि पैसे दोन्ही वाचतील. साफ करताना रॉड मागूनच घाला, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून. तोंडाकडून रॉड घासून घासून क्राऊन (नळीच्या तोंडाची कडा) खराब झाला की नळी आतून कितीही चांगली असो, ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा झुबका) उधळतो.

ह्यूस्टनवासी:
ताई, धन्यवाद, .२२ यादीत टाकली. ठरवलं मग, १६ इंच ५.५६, नायट्राइड, मिड-लेन्थ, आणि डुकरांसाठी वेगळी गोळी. सेफ आधीच घेतलीय, घरात लहान पोरं आहेत. स्वस्तातली स्टील केसची रशियन काडतुसं पडून आहेत मित्राकडे, ती चालतील का?

पोलादवाला:
चालतात, पण त्यांच्या गोळीला बरेचदा तांब्याखाली स्टीलचं जॅकेट असतं, आटे लवकर खातं. रेंजवर आधी विचारा, बरेच जण दारातच मॅग्नेट लावून बघतात आणि चिकटलं की परत पाठवतात.